विधि व लेखा व्यवसायांसाठी पदवी

वकिली व लेखापरीक्षण हे दोन्ही व्यवसाय विशेष ज्ञानावर आणि लोकांच्या विश्वासावर चालतात. पक्षकाराला आपल्या वकिलाचे व भागधारकाला हिशेबतपासनिसाचे काम स्वतः पारखता येत नाही. म्हणून ही पारख कोणीतरी आधीच करून ठेवावी लागते. ती विद्यापीठाने करावी, न्यायालयाने करावी, की व्यवसायातील जाणत्यांनी करावी, या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी दिली गेली. भारतात वकिली क्रमाक्रमाने विद्यापीठाच्या कक्षेत गेली. लेखाव्यवसाय मात्र तिच्याबाहेर राहिला. त्यामुळे पदवीची निवड या शब्दांना दोन व्यवसायांत दोन वेगळे अर्थ प्राप्त झाले. वकिलीत पदवी हे प्रवेशद्वार ठरले, तर लेखाव्यवसायात ती जोड म्हणून किंवा अपयशाच्या प्रसंगी आधार म्हणून घेतली जाऊ लागली. प्रस्तुत नोंदीत हा इतिहास मुख्यत्वे मुंबई इलाखा व पुढील महाराष्ट्र यांच्या संदर्भात दिला आहे.

पूर्वपीठिका : पेशवाईत हिशेबाचे ज्ञान पुण्याच्या हुजूर दफ्तरात व सरदारांच्या फडांवर काम करता करता मिळवले जाई. फडणीस, मुजुमदार यांच्या हाताखालील कारकुनाला मोडी अक्षर, जमाखर्चाची रीत व ताळेबंद हे सर्व उमेदवारीतच साधे. वकील या शब्दाचा अर्थ त्या काळी दरबारातील प्रतिनिधी असा होता. न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडणारा व्यावसायिक ही कल्पना कंपनी सरकारच्या न्यायालयांबरोबर आली. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेतील दुसऱ्या विनियमाने दिवाणी न्यायालयांतील वकिलांच्या सनदांची व शिस्तीची व्यवस्था लावली. १८४६ च्या अधिनियमाने चांगल्या चारित्र्याच्या व आवश्यक पात्रता असलेल्या कोणाही व्यक्तीला, धर्म वा राष्ट्रीयत्व यांचा विचार न करता, वकिली खुली केली. पात्रता ठरविण्याचे काम मात्र न्यायालयांकडेच होते आणि त्यात विद्यापीठाचा प्रश्नच नव्हता, कारण विद्यापीठच अस्तित्वात नव्हते.

मुंबईत कायद्याचे नियमित अध्यापन १८५५ मध्ये सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्या सन्मानार्थ न्यायशास्त्राचे अध्यासन स्थापन झाले आणि त्यातूनच पुढे मुंबईचे शासकीय विधि महाविद्यालय उभे राहिले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची व १८६२ मध्ये उच्च न्यायालयाची स्थापना झाल्यावर एल्‌एल्‌.बी. ही पदवी उच्च न्यायालयाच्या वकिलीशी जोडली गेली. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) हे या पदवीच्या आरंभीच्या मानकऱ्यांपैकी होत. बी.ए. झाल्यानंतर एल्‌एल्‌.बी. हा क्रम तेव्हापासून रूढ झाला. कायद्याचे वर्ग दीर्घकाळ सकाळ-संध्याकाळ भरत व वकिली करणारे लोकच तेथे शिकवीत. दिवसा कचेरीत अगर शाळेत नोकरी करून कायदा शिकणे त्यामुळे शक्य झाले. मध्यमवर्गातील असंख्य तरुणांनी हीच वाट धरली. या सोयीमुळे कायद्याचे शिक्षण हे दुय्यम, फावल्या वेळचे शिक्षण आहे असा समजही रुजला व तो पुढे शंभर वर्षे टिकला.

तीन वाटा : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील तरुणापुढे वकिलीच्या तीन वाटा होत्या. पहिली विद्यापीठाची : बी.ए., एल्‌एल्‌.बी. आणि उच्च न्यायालयाच्या अपील शाखेची सनद. दुसरी जिल्हा वकिलाच्या परीक्षेची. तिला पदवी लागत नसे आणि ती उत्तीर्ण होणारा तालुक्याच्या व जिल्ह्याच्या न्यायालयांत काम करू शके. तिसरी विलायतेची : लंडनच्या चार ‘इन्‌’पैकी एकीत नाव नोंदवून, सत्रे भरून व परीक्षा देऊन बॅरिस्टर होण्याची. सत्र भरणे म्हणजे त्या सत्रात ठरलेल्या संख्येइतकी भोजने ‘इन्‌’च्या भोजनगृहात घेणे. बॅरिस्टर होण्यास विद्यापीठाच्या पदवीची आवश्यकता नव्हती.

या व्यवस्थेतील विसंगती उघड होती. येथे सात-आठ वर्षे घालवून दोन पदव्या मिळविलेल्या वकिलाला उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत उभे राहता येत नसे. उलट सुमारे तीन वर्षांत परत आलेल्या बॅरिस्टराला तेथे थेट प्रवेश मिळे. मूळ शाखेच्या अधिवक्त्याची एक कठीण परीक्षा येथल्या पदवीधरांसाठी ठेवलेली होती. काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८५०–९३) ती १८७२ मध्ये उत्तीर्ण झाले व पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. परंतु या परीक्षेच्या वाटेने जाणारे थोडेच होते.

कोणती वाट निवडावी याचा विचार कुटुंबात कसा होत असे, याचे बोलके उदाहरण मोहनदास गांधी यांच्या आत्मकथेत आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात एक सत्र काढून ते १८८८ मध्ये घरी परतले, तेव्हा कुटुंबाचे सल्लागार असलेल्या गृहस्थांनी हिशेब मांडला : बी.ए. व्हावयास चार-पाच वर्षे लागणार आणि तीतून फार तर साठ रुपयांची नोकरी मिळणार. कायदा करावयाचा तर आणखी काळ जाणार. याउलट विलायतेस जाऊन तीन वर्षांत बॅरिस्टर होता येते आणि खर्च चार-पाच हजारांपलीकडे जात नाही. वडिलांच्या दिवाणगिरीचा वारसा चालवायचा तर विलायतच बरी, असा त्याचा निष्कर्ष होता. विद्यार्थ्याच्या आवडीला त्यात फारसे स्थान नव्हते. त्याला वैद्यकाची ओढ होती आणि ती कुटुंबाच्या धार्मिक संस्कारांमुळे बाजूला पडली. वर्षे, रुपये व मिळणारे पद यांचा हा त्रैराशिक हिशेब पुढील पिढ्यांनीही मांडला, फक्त आकडे बदलले. पदवीची निवड ही बुद्धीच्या कलावर होते हे म्हणणे सोयीचे असले, तरी इतिहास पाहता ती बहुधा घरातील पैशावर आणि थांबण्याच्या ताकदीवर झालेली दिसते.

वल्लभभाई पटेल यांनी याच्या अगदी उलट क्रम पत्करला. मॅट्रिक झाल्यावर महाविद्यालयात न जाता उसनी पुस्तके वाचून ते जिल्हा वकिलाची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९०० मध्ये गोध्रा येथे त्यांनी वकिली सुरू केली. पैसा साठल्यावर ते १९१० मध्ये विलायतेस गेले व मिडल टेंपलमधून बॅरिस्टर होऊन १९१३ मध्ये परतले. पदवी न घेता आधी मिळकत व मग उच्च अर्हता, हा मार्ग पुढे वकिलीत कायद्यानेच बंद झाला.

बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांनी १८७७ मध्ये गणित हा विषय घेऊन बी.ए. व १८७९ मध्ये एल्‌एल्‌.बी. केले, वकिली केली नाही. तथापि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिल्यानंतर (१८९०) त्यांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी वर्ग चालविला. मुंबईला राहण्याचा खर्च न झेपणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग झाला. पुण्यात कायद्याचे स्वतंत्र महाविद्यालय इंडियन लॉ सोसायटीने १९२४ मध्ये काढले. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत विधिशाखा नव्हती. कायद्याची पदवी हवी असणाऱ्यास पोर्तुगालला जावे लागे. तेथील पहिले विधि महाविद्यालय १९७३ मध्ये मिरामार येथे निघाले.

पहिली पदवी व तिचा विषय : एल्‌एल्‌.बी. ही दुसरी पदवी असल्यामुळे पहिली पदवी कोणत्या विषयात घ्यावी हा प्रश्न प्रत्येकापुढे येई. या बाबतीत नियमांनी पूर्ण मोकळीक ठेवली होती. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर (१९०१–८१) संस्कृतचे एम्‌.ए. होते, मीमांसेच्या अभ्यासाचा लाभ त्यांना कायद्याचा अर्थ लावताना झाला. पांडुरंग वामन काणे (१८८०–१९७२) यांच्या बाबतीत संस्कृत व कायदा यांचा संगम इतका पक्का झाला की धर्मशास्त्राचा त्यांचा इतिहास हा दोन्ही विद्यांचा ग्रंथ ठरला. संविधानाचे भाष्यकार होरमसजी सीरवाई (१९०६–९६) तत्त्वज्ञानाचे पदवीधर होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला (१९००–८१) यांनी ऑक्सफर्डला इतिहास घेतला होता. नानी पालखीवाला (१९२०–२००२) इंग्रजी साहित्याचे एम्‌.ए.; अध्यापकाची जागा न मिळाल्यामुळे ते कायद्याकडे वळले आणि आयकरासारख्या रुक्ष मानल्या जाणाऱ्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध होऊन प्रमाण मानला गेला.

या नावांवरून वकिलाने अमुकच विषय घ्यावा असा नियम काढता येत नाही. कोणताही एक विषय खोलवर शिकलेला असणे उपयोगी पडते, एवढेच फार तर म्हणता येईल. शिवाय ही यशस्वी माणसांची यादी आहे. त्यांच्याच वर्गात बसलेले, दोन पदव्या घेऊन तालुक्याच्या न्यायालयात पक्षकाराची वाट पाहत राहिलेले शेकडो लोक कोणत्याही यादीत नाहीत. विधि पदवीधरांचे पीक अधिक आल्याची तक्रार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सतत ऐकू येई.

स्त्रियांच्या बाबतीत पदवी व प्रवेश यांचा संबंधच तुटलेला होता. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. ऑक्सफर्डला त्यांनी १८९२ मध्ये विधि शाखेची बी.सी.एल्‌. परीक्षा दिली, पण स्त्रियांना पदवी देण्याची तेथे तरतूद नसल्यामुळे पदवी हाती येण्यास सुमारे तीस वर्षे लागली. स्वदेशी परतल्यावर त्यांनी १८९७ मध्ये मुंबईची एल्‌एल्‌.बी. व १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा उत्तीर्ण केली; सनद तरीही मिळाली नाही. १९२३ च्या अधिनियमाने स्त्री असणे ही अपात्रता दूर केली, तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. त्याच वर्षी लंडनला बॅरिस्टर झालेल्या मिठान टाटा, पुढील मिठान लाम (१८९८–१९८१), यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. त्यांचे आधीचे शिक्षण अर्थशास्त्रातील होते.

लेखाव्यवसायाचा उदय : लेखापालांच्या व्यावसायिक संस्था प्रथम स्कॉटलंडमध्ये निघाल्या. एडिंबरोच्या संस्थेला १८५४ मध्ये व इंग्लंड-वेल्सच्या संस्थेला १८८० मध्ये राजसनद मिळाली. उमेदवाराने सनदी लेखापालाच्या कचेरीत करारबद्ध राहून पाच वर्षे काम शिकावे, त्यासाठी त्याला अधिमूल्य द्यावे आणि संस्थेच्या परीक्षा द्याव्यात, अशी ही पद्धती होती. पदवीधराला उमेदवारीची मुदत पाचऐवजी तीन वर्षे अशी सवलत असे. विद्यापीठाच्या पदवीची लेखाव्यवसायातील किंमत अशा रीतीने प्रारंभीच ठरली : ती दोन वर्षांच्या सुटीएवढी होती. पदवी मिळवण्यास तीन वर्षे जात असल्यामुळे हा व्यवहार केवळ काळाच्या दृष्टीने तोट्याचाच होता, हे वेगळे सांगावयास नको.

मुंबईत १८५४ पासून कापडगिरण्यांच्या संयुक्त भांडवली कंपन्या निघू लागल्या व हिशेबतपासणीची गरज वाढली; परंतु तपासनीस कोण असावा याबद्दल दीर्घकाळ निश्चित नियम नव्हता. १९१३ च्या भारतीय कंपनी अधिनियमाने सार्वजनिक कंपनीच्या लेखापरीक्षकास शासनाचे प्रमाणपत्र आवश्यक केले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. आशियातील हे पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते; त्याच्या स्थापनेत मुंबईतील लेखापाल के. एस्‌. अय्यर यांचा वाटा मोठा होता. कायदा व महाविद्यालय यांचा हा एकाच वर्षीचा जन्म पाहता वाणिज्य पदवी हीच लेखापरीक्षकाची अर्हता होईल अशी अपेक्षा करता आली असती. तसे घडले नाही. १९१८ मध्ये मुंबई सरकारने लेखाशास्त्राची शासकीय पदविका (जी.डी.ए.) सुरू केली. ती मिळवून मान्य लेखापालाकडे तीन वर्षे उमेदवारी केलेल्या व्यक्तीस सर्व हिंदुस्थानात लेखापरीक्षण करण्याचे प्रमाणपत्र मिळू लागले. वाणिज्य पदवी हे शिक्षण राहिले आणि उमेदवारी व स्वतंत्र परीक्षा ही अर्हता ठरली.

यामागील कारण कामाच्या स्वरूपात होते. गिरणीच्या वह्या, मालसाठा, प्रमाणके व रोकड यांची तपासणी प्रत्यक्ष कंपनीत जाऊन करावयाची असते. ताळेबंद जुळवणे वर्गात शिकवता येते. परंतु जुळलेला ताळेबंद खरा आहे की नाही हे ओळखण्यास वह्यांचा सहवास लागतो. वकिलीतही असे ज्ञान असतेच. मुंबईतील सॉलिसिटरांनी उमेदवारीची पद्धत याच कारणासाठी सोडली नाही. मात्र वकिलीतील मुख्य साधन ग्रंथ हे असल्याने तिचे शिक्षण विद्यापीठाकडे सोपविणे सोपे गेले.

१९३० मध्ये लेखापरीक्षकांच्या प्रमाणपत्रांचे अधिकार प्रांतांकडून मध्यवर्ती सरकारकडे गेले. १९३२ च्या नियमांनी नोंदणीकृत लेखापाल हा वर्ग निर्माण केला व सरकारला सल्ला देण्यासाठी भारतीय लेखाशास्त्र मंडळ नेमले गेले. मद्रासच्या आर. शिवभोगम यांनी १९३३ मध्ये या व्यवसायात प्रवेश केला. भारतातील त्या पहिल्या स्त्री लेखापाल होत.

दोन व्यवसायांचा संबंध : विधी व लेखा या विद्यांमध्ये वरवर दिसते त्यापेक्षा अधिक देवघेव आहे. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या जीवनक्रमात ती स्पष्ट दिसते. मुंबई, कोलंबिया व लंडन येथील त्यांच्या पदव्या मुख्यतः अर्थशास्त्राच्या; १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाल्यावर त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वकिलाकडे मोठे पक्षकार व सॉलिसिटर येण्यास कचरत, हे त्या वेळचे वास्तव होते. मिळकतीस जोड म्हणून १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. पुढे १९३५ मध्ये ते शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि मुंबई इलाख्यातील विधिशिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी महाविद्यालयाच्या नियतकालिकात १९३६ मध्ये निबंध लिहिला. जगातील नामांकित विद्यापीठांच्या पदव्या असूनही व्यवसायातील प्रवेश समाजाने किती अडवून धरला होता, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. पदवीच्या निवडीविषयीच्या कोणत्याही विवेचनात ही मर्यादा विसरता येणार नाही.

दोन व्यवसायांना एका आसनावर बसविण्याचे काम आयकराने केले. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या आयकर अपील न्यायाधिकरणात न्यायिक सदस्य व लेखा सदस्य अशी रचना ठेवण्यात आली. करदात्याच्या वतीने हजर राहण्याचा अधिकार वकील व लेखापाल या दोघांनाही मिळाला. तेव्हापासून वकिलाला ताळेबंद वाचता येणे व लेखापालाला निवाडे वाचता येणे ही व्यवहारातील गरज झाली.

स्वातंत्र्योत्तर काळ, विधी : १९२६ च्या अधिनियमाने वकील व अधिवक्ता हा भेद बराच कमी केला होता, तरी मुंबई व कलकत्ता येथील मूळ शाखांचे वेगळेपण टिकून होते. न्यायमूर्ती एस्‌. आर. दास यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५३ मध्ये सर्व भारतासाठी एकच वकीलवर्ग असावा, त्याने आधी कला, विज्ञान वा वाणिज्य शाखेची पदवी घ्यावी, नंतर किमान दोन वर्षे कायदा शिकावा व एक वर्ष उमेदवारी करावी, असे सुचविले. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने कायद्याची पदवी सक्तीची केली आणि पदवीविना वकील होण्याची वाट संपली. प्रशिक्षण व परीक्षा यांची मूळ अधिनियमातील अट १९७३ च्या दुरुस्तीने गळाली. १९७६ च्या दुरुस्तीने अॅटर्नी हा कायदेशीर वर्गही नष्ट केला; तथापि बाँबे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीने सॉलिसिटरची परीक्षा चालू ठेवली.

उमेदवारी काढून टाकणे ही या काळातील सर्वांत गंभीर चूक मानावी लागेल. पदवी हातात पडताच उच्च न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार मिळू लागला आणि महाविद्यालयांची संख्या वाढत असताना त्या पदवीचा दर्जा राखणारी दुसरी चाळणी राहिली नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेने १९९५ मध्ये नियमांद्वारे प्रशिक्षणाची अट पुन्हा घातली, पण असा अधिकार परिषदेला नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती १९९९ मध्ये रद्द केली. अखेर २०१० मध्ये परिषदेने अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षेची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये ती वैध ठरविली.

दरम्यान पदवीच्या क्रमातही बदल झाला. बारावीनंतरचा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम विधिज्ञ परिषदेने १९८२ मध्ये पुरस्कृत केला आणि बंगलोर येथील राष्ट्रीय विधि विद्यालयात १९८८ मध्ये, एन्‌. आर. माधव मेनन यांच्या मार्गदर्शनाखाली, तो सुरू झाला. मुंबई व पुणे विद्यापीठांनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या तीन वर्षांनंतर एक स्वतंत्र पदवी ठेवली. मध्येच थांबणाऱ्यास रिकाम्या हाताने जावे लागू नये हा तीमागील हेतू होता. महाराष्ट्रात राष्ट्रीय विधि विद्यापीठे २०१४ च्या अधिनियमान्वये मुंबई, नागपूर व औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे स्थापन झाली. २००८ च्या विधिशिक्षण नियमांनी तीन व पाच वर्षांचे दोन्ही मार्ग कायम ठेवले आणि कला, वाणिज्य, विज्ञान, व्यवस्थापन यांपैकी कोणत्याही शाखेशी कायदा जोडण्यास वाव दिला.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाने कायदा हा दुसरे काही न जमल्यास घ्यावयाचा विषय राहिला नाही, हा त्याचा निर्विवाद लाभ होय. परंतु त्यासाठी सतराव्या-अठराव्या वर्षीच निर्णय करावा लागतो आणि राष्ट्रीय विद्यापीठांचे शुल्क शासकीय महाविद्यालयांच्या मानाने फार जड आहे. संस्कृत, गणित वा तत्त्वज्ञान यांत मुरलेला पदवीधर कायद्याकडे वळण्याचे प्रमाणही या मार्गाने घटते. इंग्लंडमध्ये ऑर्मरॉड समितीने १९७१ मध्ये विधी हा पदवीधरांचा व्यवसाय व्हावा अशी शिफारस करताना अन्य विषयांच्या पदवीधरांसाठी दार उघडे ठेवले होते. तेथे इतिहास वा अभिजात भाषा शिकून वकिलीत येणाऱ्यांची परंपरा त्यामुळे टिकली. भारतात ते काम तीन वर्षांच्या अभ्यासक्रमावर येऊन पडले आहे. नोकरी सांभाळून किंवा उशिरा निर्णय घेऊन येणाऱ्यांना तोच एक आसरा आहे.

लेखा : १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापाल अधिनियम अमलात आला व भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली, मुंबईचे जी. पी. कपाडिया तिचे पहिले अध्यक्ष होत. सनदी म्हटले, तरी या संस्थेला कोणाही राजाची सनद नाही; ती संसदीय अधिनियमाने निर्माण झाली. ब्रिटिश संस्थांच्या सभासदांना असलेली प्रतिष्ठा देशी लेखापालांना मिळावी म्हणून हे नाव स्वीकारले गेले. परिव्यय लेखापालांची संस्था १९४४ पासून होती. तिला १९५९ मध्ये अधिनियमाचा आधार मिळाला. कंपनी सचिवांचा अधिनियम १९८० चा आहे.

सनदी लेखापाल होण्याच्या प्रवेशाच्या अटी संस्थेने अनेकदा बदलल्या, परंतु परीक्षा संस्थेची आणि उमेदवारी सभासदाकडे हा गाभा कायम राहिला. २००६ मध्ये सामाईक प्रावीण्य चाचणी आली. २०१७ मध्ये तिची जागा फाउंडेशन परीक्षेने घेतली. दोहोंमुळे बारावीनंतर पदवीविना हा अभ्यासक्रम करता येतो. २०१२ पासून वाणिज्य शाखेच्या पदवीधरास ५५ टक्के व अन्य शाखांच्या पदवीधरास ६० टक्के गुण असल्यास प्राथमिक परीक्षेतून सूट मिळाली. पदवीची किंमत एक परीक्षा, एवढाच हा हिशेब आहे. १८८० च्या सवलतीचीच ही वेगळी आवृत्ती म्हणता येईल. २०२३ च्या योजनेने उमेदवारी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली.

असे असूनही महाराष्ट्रातील बहुतेक उमेदवार बी.कॉम. करतातच. मुंबईचे पोदार महाविद्यालय (१९४१), पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय (१९४३) यांसारख्या संस्थांमुळे वाणिज्य शाखेचे लोण पसरले; सकाळी तास व दिवसा लेखापालाच्या कचेरीत उमेदवारी ही दिनचर्या शहरांत रूढ झाली. सनदी लेखापालाच्या अंतिम परीक्षेत अनेक वर्षे अडकून पडणारे पुष्कळ असतात. कितीही गट उत्तीर्ण झाले, तरी अंतिम परीक्षा पुरी झाल्याशिवाय सभासदत्व मिळत नाही; अशा वेळी बँकेच्या किंवा शासनाच्या नोकरीचा अर्ज करावयास बी.कॉम. उपयोगी पडते. पदवी न घेता या परीक्षेच्या मागे लागणे हा हुशार विद्यार्थ्याच्या बाबतीतही जोखमीचा निर्णय असतो, कारण पंचविशीनंतर अर्ज करताना बारावी हीच त्याची अर्हता उरते. दुसरीकडे, परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांचा दर्जा विद्यापीठांनी मान्य करावा ही मागणी जुनी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल व कंपनी सचिव या अर्हता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष ठरविल्या.

दोन्ही अर्हता घेण्याची प्रथा १९८४ नंतर वाढली. त्या वर्षीच्या वित्त अधिनियमाने ठरावीक मर्यादेवरील उलाढालीच्या व्यवसायांना करलेखापरीक्षण सक्तीचे केले आणि करविषयक काम विस्तारले. सनदी लेखापाल झाल्यावर तीन वर्षांची एल्‌एल्‌.बी. करणारे करकायदा, कंपनी कायदा व नादारीचा कायदा यांत विशेष दिसतात. २०१६ मध्ये काम सुरू केलेल्या राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणापुढे वकिलांबरोबर सनदी लेखापाल व कंपनी सचिवही हजर राहू शकतात. तथापि दोन्ही व्यवसाय एकाच वेळी करण्यास दोन्हींचे नियम आड येतात : अधिवक्ता म्हणून नाव नोंदवून न्यायालयात वकिली करू इच्छिणाऱ्या लेखापालाला आपले लेखाव्यवसायाचे प्रमाणपत्र आधी परत करावे लागते.